आधी रीड बघा, बॅरल नंतर

ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात वराती वाजवायच्या, तर क्लॅरोनेटला कार्बन फायबरचं बॅरल (तोंडाच्या तुकड्याखालचा आखूड नळीचा भाग) बसवू का, असं एका भाऊंनी विचारलंय. ते ओलीनं फुगत नाही, उन्हानं तडकत नाही हे खरं. पण वाद्य लाकडी असेल तर वरचा जॉइंट, म्हणजे बॅरलखालचा नळीचा भाग, लाकडाचाच राहतो, अन् चीर बहुधा तिथंच जाते. बँडवाल्यांचं वाद्य पुष्कळदा एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. ते उन्हानं हिरवट-तपकिरी पडतं, बस्स.

सूर चढतो तो आतली हवा तापल्यानं. बॅरल कशाचंही असो, सूर उतरवायला थोडं बाहेर ओढावंच लागते. कार्बनचं लिगेचर, म्हणजे रीड आवळून धरायचा पट्टा? नुसता थाट!

खरा ताप रीडचा, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढणाऱ्या बोरूच्या पातळ पट्टीचा. ४५ अंशांत दोन गाण्यांच्या मधात वाळते, टोकाला लाट येते अन् चिरकते. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची, लेजेर कंपनीची रीड घ्या, भिजवायची भानगड नाही.