खाणीवरचा काटा सुटला, आता वाचनालयात रमलोय, परत जाऊ का?

काटेवाला_डिचोली:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. वय ४१. बी.कॉम. झाल्या झाल्या इथं गोव्यात लोखंडाच्या खाणीवर वजनकाट्यावर लागलो. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, रिकाम्याचं वजा करायचं, चलन फाडायचं, चल पुढचा. सीझनला ट्रकांची रांग संपायची नाही, घरी आलो की शर्ट लाल, आंघोळीचं पाणी लाल, उशीची खोळसुद्धा लाल. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी सगळ्या बंद झाल्या. मधे थोडं सुरू झालं, तर मार्च २०१८ मध्ये कोर्टाच्या निकालानं परत ठप्प. मग कळंगुटला एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये होतो, ते लॉकडाऊनमध्ये गेलं.

तीन वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयात माणूस हवा होता, म्हटलं चार महिने बसू. पहिलं कपाट उघडलं तेव्हा पुस्तकं आडवी-उभी कशीही कोंबलेली, भिंतीकडची सगळी पावसानं फुगलेली, कादंबऱ्यांच्या मधे पाककृती, त्यात ज्ञानेश्वरीचा एकच खंड आणि बाकीचे कुठे पत्ताच नाही. मी रोज एक फळी रिकामी करायचो, कोरड्या फडक्यानं पुसायचो, फाटलेली बाजूला, पाठीवर नंबरची चिठ्ठी, वहीत नोंद. आठ महिने लागले. त्या ज्ञानेश्वरीचा दुसरा खंड धर्माच्या नाही, शेतीच्या कपाटात मागं पडलेला सापडला तेव्हा मी एकटाच तिथं उभा राहून हसत होतो.

आता रोज कुलूप लावायच्या आधी दहा मिनिटं फळीफळीवरून बोट फिरवून पुस्तकांचे सगळे कणे कडेला एका रेषेत आणतो. एवढं बरं वाटतं म्हणून सांगू. गेल्या महिन्यात संध्याकाळी लाईट गेली, एक आजी पुस्तक मागायला आलेल्या, मी टॉर्च न लावता हात घालून बरोबर तेच काढून दिलं.

आता खाणी परत सुरू होतायत. जुन्या साहेबांचा फोन आला, काट्यावर ये, पगार इथल्या जवळजवळ दुप्पट. मुलगी दहावीत आहे. बायको म्हणते तू ठरव. कुणी असं काही केलंय का?

मेडिकलवाली_फोंडा:
दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी मुंबईला कॉल सेंटरला होते, सासूबाई आजारी पडल्या म्हणून फोंड्याला आले आणि आमच्या मेडिकलच्या मागच्या खोलीत स्टॉक बघायला लागले, तेही तात्पुरतंच म्हणून. आमच्याकडे नियम एकच, ज्याची एक्स्पायरी आधी ते पुढे, नवा माल आला की मागून भरायचा. ऐकायला काहीच नाही, पण आधी दर महिन्याला एक खोका भरून औषधं मुदत संपली म्हणून बाजूला काढावी लागायची, आता त्या खोक्याचा तळसुद्धा झाकत नाही. एकदा रात्री साडेनऊला एक माणूस इन्सुलिनसाठी धावत आला आणि फ्रिजमध्ये दुसऱ्या कप्प्यात डाव्या बाजूला ते होतंच, कारण ते तिथंच असतं. मला विचाराल तर नका जाऊ.

तारवटी_सासष्टी:
मी जरा वेगळं बोलणार, राग मानू नका. तीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली बरीच स्टोअरमध्ये. समुद्र खवळला की बांधून न ठेवलेली वस्तू माणसाचं डोकं फोडते, त्यामुळे वस्तू जागच्या जागी ठेवण्याची किंमत मला कुणी सांगायला नको. पण पोर दहावीत आहे, पुढं कॉलेज, फी, हे सगळं येणारच. काट्यावर जायला माझा नकार नाही. फक्त तोंडी शब्दावर जाऊ नका. अपॉइंटमेंट लेटर मागा, पीएफ आहे का विचारा, आणि पावसाच्या चार महिन्यांत काम थांबलं की पगार पूर्ण, अर्धा की काहीच नाही ते कागदावर घ्या. २०१२ आणि २०१८ दोन्ही वेळा तुम्ही बाहेर पडलात, तिसऱ्यांदा हाती काय राहील ते आजच बघून ठेवा.

पुस्तकताई_पणजी:
तारवटी काकांचं पटतं, पण एक तिसरी वाट आहे. काटेवाला, तुम्ही ग्रॅज्युएट आहात. बी.लिब., म्हणजे ग्रंथपालाची पदवी, एक वर्षाचं असतं, इग्नू या मुक्त विद्यापीठातून घरी बसून करता येतं. कागद हातात असला की शाळा-कॉलेजच्या लायब्ररीच्या जाहिरातींना अर्ज तरी करता येतो, आज तुमच्याकडे हात आहे, पण कागद नाही. पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एकदा सकाळी येऊन जा, १८३२ सालची संस्था आहे, तिथली मांडणी बघण्यासारखी आहे.

आणि पावसाळ्याबद्दल, हे माझं जीव तोडून सांगणं आहे. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं हवा खेळू दे. पुस्तकं घट्ट कोंबू नका, एक बोट सहज आत गेलं पाहिजे. बुरशी दिसली तर ते पुस्तक लगेच वेगळं, आधी सावलीत पूर्ण वाळवा, मग बाहेर नेऊन मऊ ब्रशनं झाडा, तोंडाला मास्क लावून. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, डाग आत जातो. कसर लागते ती बहुतेक जुन्या बाइंडिंगच्या खळीला, तेव्हा कणे आधी तपासा.

काटेवाला_डिचोली:
सगळ्यांचे आभार. काका, साहेबांना आज फोन करून तुमचे तिन्ही प्रश्न विचारले. पावसाचे चार महिने अर्धा पगार, आणि लेटर "नंतर बघू". बायकोला सांगितलं, ती म्हणाली मग आधी त्या कोर्सची फी बघ. ताई, उत्तरेकडची दोन कपाटं अगदी भिंतीला टेकलेली आहेत, गणेश चवथीच्या आधी सरकवतो. एकट्याला हलणार नाहीत, पुस्तकं उतरवूनच करावं लागेल, तर त्याच वेळी कणेही बघून घेतो.