तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात विषय निवडायला तरी मिळावेत की नाही?

सेलूकर

यंदा भाचीच्या अकरावीसाठी तालुक्यातली कॉलेजं पायी फिरलो. २०२५ पासून प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळं मोबाइलवर कॉलेजं ढीगभर दिसतात. आत जाऊन विचारलं की विज्ञानाला सगळीकडं एकच संच: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. भाचीला गणिताऐवजी भूगोल हवा होता. बोर्डाला तो चालतो, विज्ञान शाखेतही घेता येतो. कॉलेजात मात्र भूगोलाचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही आणि विभागच मिटला. मानसशास्त्राचं नाव काढलं तर क्लार्कनं मान वर केली नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप आपण मराठवाड्यातल्यांनी सोसला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्या बेसाल्टच्या काळ्या खडकात पाणी कुठं मुरतं, कुठं मुरत नाही, हे न कळता गावोगाव बोअरवर बोअर पाडले जातात. अशा मुलखात भूगोल आणि भूशास्त्र कोपऱ्यात पडतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. म्हणून हा धागा.

औसा_रोड

सर, तळमळ कळली, पण मी उलट बाजूचा माणूस. कोरडवाहू शेती आहे, सोयाबीनच्या भावावर घर चालतं. पोरगा लातूरला नीटची तयारी करतोय. त्या परीक्षेत ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात, राखीवला ४०. चौथा विषय भूगोल असो की गणित, त्याचा एक मार्क तिथं धरत नाहीत. मग त्यात लेकराचा एक तासही का घालवायचा?

लातूर पॅटर्नला लोक नावं ठेवतात. पण बापजाद्यात कुणी डॉक्टर झालेला नाही अशा घरातली पोरं त्याच पॅटर्ननं एमबीबीएसला गेली. विषय कमी, सराव जास्त, हेच त्याचं बळ. दहा विषयांची दुकानं मांडली की तेच बळ जातं.

तासिका_तत्त्व

मी सीएचबीवर शिकवतो. घड्याळी तासांचं मानधन, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. विभाग कसा मरतो ते आतून सांगतो.

अनुदानित जागा वर्कलोडवर, म्हणजे त्या विषयाला किती तास शिकवायचे आहेत त्यावर टिकते. मुलं कमी झाली की वर्कलोड कमी, मग शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं दुसरीकडं समायोजन होतं. तो गेला की पुढच्या वर्षी मुलांना सांगतात, 'या विषयाला शिक्षक नाही, दुसरा घ्या.' मुलं दुसरा घेतात. मग कागदावर लिहिलं जातं की विषयाला मागणी नाही. मागणी आधी मेली की शिक्षक आधी गेला, हे कुणी तपासत नाही.

तरीही सेलूकर सरांशी मी पूर्ण सहमत नाही. नुसता विषय सुरू करून भागत नाही. पीकशास्त्र बघा. द्विलक्षी, म्हणजे नेहमीच्या विषयांसोबतचा व्यवसाय विषय, २०० मार्कांचा, दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय सोडून घ्यायचा. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या आपल्या भागात याचं सोनं व्हायला हवं होतं. मी पाहिलेल्या कॉलेजात त्याला पीक लावून बघायचा प्लॉटच नाही. प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांच्या बघून भरतात, मार्क छान पडतात. भूगोलाचंही तेच: २० मार्कांचं प्रात्यक्षिक असतं, आणि मुलांनी खरा नकाशा टेबलावर पसरलेला नसतो. असे पाच विषय चालवण्यापेक्षा दोन नीट चालवा, असं माझं मत आहे.

औसा_रोड

तासिका सर बरोबर बोलले. हेच म्हणायचं होतं.

माजलगावची_लेक

थोडं थांबा. तुम्ही तिघंही ज्या पोराबद्दल बोलताय तो लातूरला खोली करून राहू शकतो. मी राहू शकले नाही.

आमच्या गावातून एसटी तालुक्यापर्यंत. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, म्हणून घरचे तयार झाले. नाहीतर दहावीनंतर लग्नाचंच बोलणं चालू होतं. संध्याकाळची गाडी चुकली तर दुसरी नाही. त्यामुळं त्या एका कॉलेजात जे विषय, तेवढंच माझं शिक्षण. मी कला शाखा घेतली आणि अर्थशास्त्रासोबत गणित मागितलं. 'आर्ट्सला गणित नसतं' असं उत्तर मिळालं. बालभारतीच्या पुस्तकाच्या कव्हरवर छापलंय: गणित आणि संख्याशास्त्र, कला व विज्ञान. ते पुस्तक घेऊन पुन्हा गेले. तेव्हा म्हणाले, दोन मुलींसाठी वेगळा तास कोण लावणार. शेजारच्या इमारतीत विज्ञानाच्या मुलांना तेच पुस्तक रोज शिकवत होते. आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं असतं तरी चाललं असतं.

आता एम.ए. अर्थशास्त्र करतेय. पहिल्या सत्रापासून कलनशास्त्र आडवं येतं आणि रात्री यूट्यूबवर अकरावीचं गणित शिकते. २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं की कला आणि विज्ञान यांच्यात पक्क्या भिंती नसाव्यात. माझ्या कॉलेजात ती भिंत पाडायला नवीन शिक्षक लागत नव्हता, वेळापत्रक बदलायला हवं होतं.

औसा रोड दादा, तुमच्या मुलाला यश मिळो, मनापासून म्हणते. पण विषय कमी केल्यानं त्याचा वेळ वाचला असेल, माझी वाट मात्र बंद झाली.

सेलूकर

ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि मला वाटतं हाच खरा मुद्दा आहे. शहरातल्या मुलाला एका कॉलेजात विषय नसला तर तो दुसऱ्यात जातो. तालुक्याच्या मुलीला दुसरं कॉलेज नसतं. म्हणून जिथं एकच कॉलेज आहे तिथं विषय जास्त हवेत. आज नेमकं उलटं आहे.

तासिका सर, वह्या भरण्याचा प्रकार मलाही ठाऊक आहे. त्यावर विषय बंद करणं हा उपाय पटत नाही. तालुक्यातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून भूगोलाचा एक पूर्णवेळ शिक्षक ठेवला आणि दिवस वाटून घेतले तर?

आणि दादा, नीटला बसणारे सगळेच डॉक्टर होत नाहीत. त्यातली कितीतरी मुलं नंतर पुण्याला सदाशिव पेठेत जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत १७५० पैकी ५०० मार्क वैकल्पिक विषयाचे. तिथं भूगोल, समाजशास्त्र, इतिहास पहिल्यापासून शिकायला बसतात, तेही बापाच्या पैशावर खोलीभाडं भरून.

तासिका_तत्त्व

दिवस वाटून घेणं शक्य आहे, आम्ही सीएचबीवाले तसंही दोन कॉलेजांत फिरतोच. फक्त त्याला पूर्ण पगार द्या. अर्ध्या मानधनावर तीन गावं हिंडणारा माणूस प्रात्यक्षिक घेणार नाही. माजलगावच्या ताईंचं गणित मात्र उद्या सुरू करता येईल, त्यात माझं काहीच दुमत नाही.

औसा_रोड

सेलूकर सर, जे डॉक्टर होत नाहीत त्यांचा विचार आम्ही बाप लोक आधी करत नाही, हे खरं. करायला भीती वाटते. तरी माझ्या पोराचा चौथा विषय मी बदलणार नाही, आता मध्येच नाही. पण ताईंच्या मागणीचा अर्ज कुणी लिहिणार असेल, एसटीनं येणाऱ्या मुलींसाठी विषय वाढवा असा, तर औसा तालुक्यातून सह्या मी गोळा करतो. अर्ज शिक्षण उपसंचालकांकडं द्यायचा की आधी संस्थाचालकांकडं, तेवढं तासिका सरांनी सांगावं.