डिफरन्शियलचं ऑइल घरी का गॅरेजात? (ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांनी बोला)

केजचा गडी:
राम राम मंडळी. माझ्याकडं 2008 ची होंडा सीआर-व्ही आहे, 2.4 लिटर इंजिनवाली, फोर व्हील ड्राइव्ह (म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हच, चारी चाकांना ताकद जाणारी), सेकंड हँड घेतलेली. इंजिन ऑइल वेळेवर बदलत आलो पण मागच्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) बी ऑइल असतंय आन ते बी बदलावं लागतंय हे डोक्यातच नव्हतं, चूक माझीच. मागच्या महिन्यात बोळीतून फुल कट (स्टेअरिंग पूर्ण वळवून) मारून गाडी काढली की मागून घर्रर्र असा आवाज यायला लागला, बुडाखाली थरथर बी व्हायली. आबा म्हणले बेअरिंग गेलं. एका गॅरेजात नेली तर तिथला पोरगा म्हणला ऑइल बदलून बघू, आन सरळ नव्वद नंबर गिअर ऑइलचा डबा उचलून आणला. नशीब मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. मॅन्युअलात स्पष्ट लिहिलंय की या डिफमधी होंडाचंच ड्युअल पंप फ्लुइड टाकायचं, साधं गिअर ऑइल नाही. त्याला दाखवलं तर म्हणला ऑइल ते ऑइलच असतंय.
घरी आलो, फ्लुइड मागवलं, रविवारी गोठ्यासमोर सिमेंटच्या कोब्यावर गाडी लावून स्वतः बदललं. तासाभराचं काम. आवाज गेला. तर माझं मत असं की हे काम प्रत्येकानं घरीच करावं, गॅरेजाला द्यायचंच नाही. बोला.

गॅरेजवाला, परभणी:
दादा तुमचा राग कळला पण मत पटलं नाही. आमच्याकडं दिवसभर काय येतंय, बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर. त्यातल्या बहुतेकांच्या मागच्या धुऱ्याला नव्वद नंबरच लागतंय, म्हणून हात तिकडंच जातो. तुमच्यासारखी गाडी वर्षातून एक आली तर आली. पोराला माहीत नव्हतं ते चुकलंच, ऑइल ते ऑइल म्हणला ते तर लैच चुकलं. पण म्हणून सगळ्यांनी गाडीखाली घुसायचं का? घरी करून बिघडवलेल्या गाड्या शेवटी आमच्याकडंच येतात, टोचन करून, आन ते बी पुढची दोन चाकं उचलून, मागची रस्त्यावर फिरत. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी अशी आणायचीच नसते, चारी चाकं उचलून फ्लॅटबेडवर आणायची. ही झाली एक गोष्ट. दुसरी, या डिफचं केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, ट्रॅक्टरवाला जोर लावून प्लग (ऑइलच्या भोकाचं बूच) आवळला की आटे गेले.

वाळूज सेकंड शिफ्ट:
गॅरेजवाल्या भाऊंचा आट्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. प्लगचा टॉर्क (आवळायचा जोर) 47 न्यूटन मीटर आहे, म्हणजे फार नाही, ट्रकच्या नटासारखं पान्यावर उभं राहायची गरज नाही. वॉशर दर वेळी नवीन टाका, ड्रेनचा (खालचा, ऑइल काढायचा प्लग) 18 एमएमचा आणि वरच्या फिलरचा (ऑइल भरायचा प्लग) 20 एमएमचा, अदलाबदल करू नका. आणि प्लगला चौकोनी खाच असते, त्यात थ्री-बाय-एटचं रॅचेट सॉकेट न लावता थेट बसतं. लोक ॲलन की घालून खाच गोल करून ठेवतात.
आता नव्वद नंबर का चालत नाही ते सांगतो, कारण ते कुणी सांगतच नाही नुसतं चालत नाही म्हणतात. यात दोन पंप असतात. एक पुढून येणाऱ्या शाफ्टवर फिरतो, दुसरा मागच्या चाकांबरोबर. दोन्ही सारख्या स्पीडनं फिरले की ऑइल आपलं एकातून दुसऱ्यात निवांत फिरत राहतं, काही होत नाही. पुढची चाकं चिखलात घसरून जोरात फिरायला लागली की पुढचा पंप जास्त ऑइल ढकलतो, मागचा तेवढं घेऊ शकत नाही, प्रेशर तयार होतं आणि ते प्रेशर क्लच प्लेटा दाबतं, मग मागच्या चाकांना ताकद जाते. म्हणजे इथं ऑइल नुसतं वंगण नाही, क्लच दाबायचं कामही तेच करतं आणि प्लेटाही त्यातच बुडालेल्या. फुल कटात पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात, मागची लहान, त्यामुळं पुढचा शाफ्ट थोडा जास्त फिरतो आणि क्लच जरा जरा धरतो. ऑइल जुनं झालं की प्लेटा गुळगुळीत घसरायच्या ऐवजी धर-सोड धर-सोड करतात. केजच्या गड्याला ऐकू आलेली घरघर ती हीच.

औसा रोड:
वाळूजवाले भारी समजावलं, पण एवढं समजून घेऊन मंग काम करणारे किती? माझ्या मेव्हण्यानं व्हिडिओ बघून काम काढलं, आधी खालचा ड्रेन प्लग खोलला, सगळं ऑइल खाली, मंग वरचा फिलर खोलाया गेला तर तो जाम. बसला हात चोळत. गाडी तीन दिवस तिथंच उभी, हालवता बी येईना. बायकोनं ऐकवलं ते वेगळं. म्हणून म्हणायलो घरी नकोच.

केजचा गडी:
औसा रोड, ते घरी केल्यामुळं नाही झालं, उलटं केल्यामुळं झालं. आधी फिलर खोलायचा, तो खुलला तरच ड्रेनला हात लावायचा. एवढं एकच लक्षात ठेवलं असतं तरी भागलं असतं.

अंबाजोगाईची सून:
सगळे ऑइलवर बोलायलेत, जॅकवर कोणीच बोलेना. आमच्याकडं हे महाशय गाडी जॅकवर घेऊन खाली दोन विटा ठेवून घुसले होते, ते पण शेतात. काळी माती वरून वाळलेली दिसती पण आत भुसभुशीत, जॅक एका बाजूनं खचत चाललेला मी पाहिला. पाय धरून ओढलं मी ह्यांना बाहेर. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात गाडीखाली जायचं नाही असा नियम आहे. हजार-पाचशे वाचवायला कोण सांगितलं असले उद्योग. माझं मत गॅरेज.

गोदाकाठ:
ताई अगदी बरोबर. वीट तर दाबानं फुटते, जॅक फक्त चाक बदलायला असतो, खाली जायचं तर स्टँडच पाहिजे.

केजचा गडी:
ताई तुमचं म्हणणं मान्य, पण या कामाला जॅक लागतच नाही. गाडी उंच आहे, चारी चाकं जमिनीवर ठेवून सपाट जागेवर सरपटत मागून घुसता येतं. उलट जॅकवर एका बाजूनं उचलली तर लेव्हल चुकते, कारण फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर ठिबकायला लागलं की भरलं असं समजायचं असतं. गाडी तिरपी तर माप बी तिरपं. फक्त पोट आडवं येऊ नये, माझं थोडं आलं.
भरायला वरून नरसाळं आन गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, दुकानातून नवीन. ऑइल सरकताना दिसतं. लिटरभर बास होतंय. पुतण्या वरून ओतायला, मी खालून 'आलं आलं थांब' ओरडायला. मंग नवीन ऑइल प्लेटांमधी फिरावं म्हणून मैदानात फुल कट मारून इंग्रजी आठचा आकडा काढत पाच-सहा चकरा मारल्या, दोन्हीकडून. पुतण्या म्हणला काका मराठी आठ काढला असता तर लवकर उरकलं असतं.

मांजराकाठचा:
माझा मुद्दा वेगळाच आहे. 2025 च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा आमच्याकडं गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी इंजिन बघितलं, सीट वाळत घातले, डिफकडं कोणी बघितलंच नाही. मी दोन महिन्यांनी प्लग खोलला तर आतून चहा निघाला हो, दूध जास्त झालेला चहा. ब्रीदरमधून (डिफची हवा जायच्या बारीक नळीतून) पाणी आत गेलेलं. तेव्हा घरी का गॅरेजात हा वाद नंतर घाला, ज्याची गाडी डिफपर्यंत पाण्यात होती त्यानं किलोमीटर न मोजता आधी ऑइल काढून बघा. ट्रॅक्टरवाल्यांनी पण.

गोदाकाठ:
हे महत्त्वाचं. आणि आता माझा प्रश्न केजच्या गड्याला, आणि तो तुम्ही सगळे टाळायलात. काढलेलं जुनं ऑइल कुठं गेलं?

केजचा गडी:
खरं सांगू का, डब्यात आहे गोठ्यात. आबा म्हणायलेत गोठ्याच्या लाकडी खांबाला लावू, वाळवी लागत नाही.

गोदाकाठ:
बघा. हेच ते. आपल्याकडं वापरलेलं ऑइल म्हणजे खांबाला, बैलगाडीला, नाहीतर बांधावर. विहीर गोठ्यापासून किती लांब आहे? 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमात वापरलेलं ऑइल मोडतं, ते अधिकृत गोळा करणाऱ्याकडंच गेलं पाहिजे. गॅरेजात निदान बॅरल असतो आणि तो उचलायला माणूस येतो. घरोघरी असे एक-एक लिटर सांडायला लागले तर उन्हाळ्यात ज्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतो त्याच पाण्यात जाणार. माझा घरी करायला विरोध फक्त या एका कारणासाठी, बाकी तुमची हौस.

गॅरेजवाला, परभणी:
गोदाकाठ, सगळ्या गॅरेजात बॅरल असतो असं पण नाही बरं का, उगं कशाला खोटं बोलू. माझ्याकडं आहे. केजच्या दादा, डबा झाकण लावून ठेवा, परभणीकडं आलात तर घेऊन या, पैसे नाही मागत. आबांना खांबाला दुसरं काहीतरी आणून द्या.

औसा रोड:
मंग ठरलं काय? घरी का गॅरेज?

वाळूज सेकंड शिफ्ट:
माझ्यापुरतं सांगतो, फ्लुइड आणि दोन वॉशर मालकानं स्वतः विकत आणायचे, डबा समोर फोडायचा, आणि ज्याच्याकडं रॅम्प आहे त्याच्याकडून काम करून घ्यायचं. ड्रेन प्लगवर काय चिकटलंय ते स्वतः बोटानं बघायचं, करडी पेस्ट असेल तर चालतं, झिजच आहे ती, पण तुकडे दिसले तर ऑइल बदलून उपयोग नाही. आणि उन्हाळ्यात गाडी चालवून लगेच खाली घुसू नका, सायलेन्सर तिथंच असतो, माझ्या दंडावर अजून डाग आहे.

केजचा गडी:
म्हणजे तुम्ही बी घरीच केलं होतं तर!

वाळूज सेकंड शिफ्ट:
एकदा. 43 डिग्रीत. परत नाही.

अंबाजोगाईची सून:
😂 हे दाखवते घरी ह्यांना.

जालना बायपास:
नमस्कार, मी पण हे सगळं वाचून आज सकाळी कोब्यावर गाडी लावून खाली घुसलो. माझी पण सीआर-व्हीच आहे. अर्धा तास झाला फिलर प्लगच सापडेना. मागं चाकांच्या मधी काहीच लटकलेलं नाही, नुसता सायलेन्सर आणि स्टेपनीची जागा. फोटो टाकू का?

गॅरेजवाला, परभणी:
भाऊ, पुढून मागं येणारा लांब शाफ्ट दिसायलाय का?

जालना बायपास:
नाही, शाफ्टबिफ्ट काही नाही.

वाळूज सेकंड शिफ्ट:
इंजिन कोणतं आहे, 2.0 का 2.4? टू व्हील ड्राइव्हमध्ये पण सीआर-व्ही विकली होती आपल्याकडं.

जालना बायपास:
2.0.

जालना बायपास:
थांबा आरसी बुक बघतो. एजंटनं तर फोर बाय फोर म्हणून पैसे घेतलेत माझ्याकडून.