‘फाइल काढ’ म्हणजे उघड की उडव?

सातपूरकर

कंपनीत नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी मराठीत एक टिपण लिहितोय. विषय एवढासाच: टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे साधा मजकूर किंवा कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हवी ती फाइल झटकन कशी गाठायची आणि मघाशी बंद केलेली परत कशी उघडायची. बटणं सांगायला दोन मिनिटं पुरतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-पी दाबा, नावातली चार अक्षरं टाका, फाइल हजर. हात लागून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी. आधी वापरलेला एखादा फोल्डर हवा असेल तर कंट्रोल-आर. गाडी अडते ती क्रियापदांपाशी.

परवा एका ट्रेनी मुलीला म्हटलं, “ती कालची कॉन्फिगची फाइल काढ जरा.” तिने माउसवरचा हात उचलून विचारलं, “काढू म्हणजे उघडू की उडवू, सर?” प्रश्न रास्त होता. कपाटातलं पुस्तक काढतो ते वाचायला, भिंतीतला खिळा काढतो तो फेकायला. त्यात फोनच्या मराठी मेनूत ‘काढून टाका’ आणि ‘हटवा’ रोज दिसतात, त्यामुळे या पिढीला ‘काढ’ म्हटलं की आधी कचऱ्याची टोपलीच दिसणार.

तर ‘ओपन’ला काय लिहावं? मेनूतलं ‘अलीकडील’ तुमच्या कानाला पटतं का? आणि ‘बफर’चं काय करायचं?

कॉलेजरोडकर

उघडणे. पुढे चला.

नाशिकरोडकर

अहो, इतक्यात कुठे पुढे जाता! मी सरकारी कचेरीत हयात काढलेला माणूस. आमच्याकडे ‘फाइल काढा’ आणि ‘फाइल उघडा’ ही दोन वेगळी कामं. काढणे म्हणजे असलेली फाइल कपाटातून टेबलावर आणणे. उघडणे म्हणजे नव्या विषयाची फाइल सुरू करणे, तिला नंबर पडणे. शिपायाला ‘उघडा’ म्हटलं असतं तर तो नुसता बघत राहिला असता.

‘बंद’चीही तीच गत. फाइल बंद झाली म्हणजे प्रकरण संपलं. ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडला की पुढे काही हालचाल होत नाही, हे अर्जदारालाही कळतं. भाषा संचालनालय १९६० सालचं. त्याच्या परिभाषेतली ‘नस्ती’ आम्ही कागदावर इमानाने लिहिली आणि तोंडाने ‘फाइल’च म्हणत राहिलो. पण ‘नस्ती बंद’ म्हटल्यावर अंगावर येतं ते खरंच.

म्हणून माझी सूचना: ‘मिटणे’ वापरा. पुस्तक मिटतो, वही मिटतो. ‘मिटलेली फाइल परत उघडा’ हे किती सरळ आहे बघा.

सिडकोवाला

काका, शब्द गोड आहे, पण अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही कंपनीत निम्मी पोरं हिंदी बोलणारी. त्यांना ‘मिटाना’ म्हणजे पुसून टाकणे. ‘मिटलेली फाइल’ वाचून ते बॅकअप शोधायला पळतील. मराठीतसुद्धा भांडण मिटतं ते परत उघडायला नाही मिटत ना.

नाशिकरोडकर

हे मात्र खरं. हिंदीचं ध्यानात आलं नव्हतं.

गंगापूररोडकर

‘उघडणे’चा घोळ फक्त मराठीत नाही. एमॅक्स नावाच्या एडिटरमध्ये फाइल उघडायच्या आज्ञेचं नाव आहे ‘फाइंड-फाइल’, म्हणजे ‘फाइल शोध’. ती शोधत बिधत काही नाही. पूर्ण पत्ता तुम्हीच द्यायचा. त्या नावाची फाइल नसेल तर त्याच नावाचं कोरं पान समोर येतं. काकांच्या भाषेत ती नवी फाइल ‘उघडते’. याउलट व्हिम या दुसऱ्या एडिटरमधली ‘फाइंड’ आज्ञा ठरवून दिलेल्या फोल्डरांमध्ये खरोखर बघून येते. एकच इंग्रजी शब्द, कामं दोन. म्हणून टिपणात इंग्रजी शब्दाला मराठी शब्द चिकटवू नका, काय घडतं ते बघून क्रियापद घाला.

आता बफर. डिस्कवर असते ती फाइल. एडिटर तिचा मजकूर मेमरीत आणून ठेवतो तो बफर. आणि त्या बफरचा पडद्यावर दिसणारा भाग म्हणजे विंडो. व्हिमच्या मदतपानांत हा फरक स्वच्छ सांगितलाय, आणि तो कळला की अर्धा गोंधळ संपतो, कारण विंडो गेली म्हणजे बफर गेलाच असं नाही. कोलन देऊन ‘एल-एस’ टाईप केलं की बफरांची यादी येते, मग ‘बी’ आणि नावाचा तुकडा दिला की तिथे उडी. यात डिस्कवर काही शोधायचंच नसतं; फाइल आधीच हाताशी आहे. दोन फायलींत सारखी ये-जा करायची तर कंट्रोल आणि ६, बस.

दोन दिवसांपूर्वीच्या फाइलचं खातं वेगळं. व्हिम बंद केल्यावर बफर संपले, पण ‘व्हिमइन्फो’ या त्याच्या नोंदींच्या फाइलीत नोंद उरते. मूळ सेटिंगमध्ये शंभर फायलींपर्यंतच्या खुणा राहतात आणि ‘ओल्डफाइल्स’ आज्ञेने ती यादी दिसते. एमॅक्समध्ये हेच काम ‘रीसेंटएफ’ करतो, पण तो आधी सुरू करावा लागतो. नवीन माणूस इथे हमखास फसतो: यादी रिकामी दिसते आणि एडिटरला नावं ठेवली जातात.

बफरला मी एके काळी ‘कच्ची प्रत’ म्हणायचो. पण सेव्ह केलेला, काही न बदललेला बफरही बफरच असतो, तो कच्चा कसा? तेव्हा ‘बफर’च ठेवा. कुणाचं काही अडत नाही.

पंचवटीकर

‘अलीकडील’ला माझा साफ नकार. अलीकडे म्हणजे गेल्या काही महिन्यांत: अलीकडे गुडघे दुखतात, अलीकडे तो येत नाही. सकाळी उघडलेल्या फाइलला दुपारी कोणी ‘अलीकडील’ म्हणत नाही, ‘मघाची’ म्हणतो. मराठीत मघाची, सकाळची, कालची, परवाची असे चांगले कप्पे आहेत, आणि गंगापूररोडकरांनी सांगितलेला फरक त्यात बरोबर बसतो. अजून एडिटर चालू आहे ती मघाची. एडिटर बंद करून आल्यावर जी यादीतून काढावी लागते ती कालची.

आणि कंट्रोल-पीला ‘शोधणे’ म्हणू नका, ‘चाळणे’ म्हणा. रामकुंडावर उपाध्यांना गाव आणि आडनाव सांगितलं की वंशावळीच्या ढिगातून नेमकी वही पुढे येते, आणि मग ते पानं चाळतात. इथेही तसंच. फाइल ‘नाशिक_पाणीपुरवठा_मार्च’ असेल तर नुसतं ‘नापामा’ टाकायचं. अक्षरं लागून असायची गरज नाही, क्रम जुळला की झालं. प्रत्येक अक्षरागणिक यादी गळत जाते. पानं चाळणं आणि पीठ चाळणं दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळाले, आणखी काय हवं?

सिडकोवाला

‘चाळा’ असं बटण दिसलं तर मी आधी हसेन. मग दाबेन.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. आता असं लिहितोय: फाइल ‘उघडा’, टॅब ‘बंद करा’, मघाची टॅब ‘परत आणा’. ‘काढणे’ टिपणातून हद्दपार, दोन्ही अर्थांनी. उडवायचं असेल तिथे ‘डिलीट’. ‘मघाच्या फायली’ हा मथळा पक्का केला, ‘अलीकडील’ गेलं. कंट्रोल-पीच्या परिच्छेदात ‘नाव अर्धवट आठवत असेल तर यादी चाळा’ असं वाक्य घेतलंय. पंचवटीकरांचं ‘नापामा’ही उदाहरण म्हणून उचलतोय, चालेल ना? बफर बफरच. एकच राहिलं: साहेबांचं म्हणणं, ‘फायली’ खेडवळ वाटतं, ‘फाइल्स’ लिहा.

नाशिकरोडकर

साहेबांना सांगा, जमीन–जमिनी, फाइल–फायली. शब्द स्त्रीलिंगी होऊन घरात आला की अनेकवचन घरचंच लागतं. ‘फाइल्सच्यामध्ये’ असं जे लोक लिहितात त्यापेक्षा ‘फायलींत’ दोन अक्षरांनी तरी स्वस्त. आणि ‘फाइल’ लिहा की ‘फाईल’ हे आत्ता काढू नका. अकारान्त मराठी शब्दांतला उपान्त्य इकार दीर्घ म्हणणारे एका बाजूला, इंग्रजी शब्दाला तो नियम नको म्हणणारे दुसऱ्या. त्यासाठी वेगळा धागा उघडा.

कॉलेजरोडकर

उघडा की काढा?