शब्दचर्चा : ‘ट्यून करणे’ मराठीत कसं सांगायचं?

महालकर
मंडळी, एका कागदानं छळून ठेवलंय. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयात जुने अंक स्कॅन करून ४ टीबीच्या डिस्कवर ठेवतो. परवा डिस्क ‘भरली’ म्हणून अडून बसली, पण हिशेब लावला तर २०० जीबी कुठं गेले ते दिसेना. कारण ओळखीचंच निघालं. लिनक्सची एक्स्ट-४ फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) बनते तेव्हाच ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या मुख्य कारभाऱ्यासाठी, बाजूला काढते. बाकी डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्राची स्वतःची कामं अडू नयेत आणि फायलींचे तुकडे फार विखुरू नयेत म्हणून. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर एवढी कशाला? ट्यून-टू-एफएस ही कमांड, डॅश एम १, पुढं डिस्कचं नाव, एंटर. १६० जीबी मोकळे. फॉरमॅट नाही, काही नाही, स्कॅन जागच्या जागी.

खरी अडचण पुढंच. हे आमच्या ग्रंथपाल काकांसाठी मराठीत लिहून भिंतीवर लावायचंय. मी लिहिलं, ‘फाइलसिस्टीमची सेटिंग बदलणे’. काका चष्म्यावरून पाहत म्हणाले, “सेटिंग कोणासोबत करून राह्यला रे?” पुढं होतं, ‘आरक्षित जागा ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणा’. त्यावर, “हे भिंतीवर लावशील तर उद्या दारात मोर्चा येईल.” आणि शेवटी, ‘जुन्या एक्स्ट-२ डिस्कला डॅश जे देऊन नियतकालिक जोडा’. (डॅश जे दिलं की डिस्कला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, जोडली जाते. हो, जर्नलचा अर्थ शब्दकोशातून काढला. चुकलं.) काका म्हणाले, “वर्गणी कोण भरेल?”

बाकीचं मी निस्तरतो. मला फक्त ‘ट्यून’ला शब्द द्या. नवीन बनवणं नाही, बिघडलेलं दुरुस्त करणं नाही, आहे त्यालाच जरासं फिरवणं.

शुद्धबोध
समायोजन. आणि हात घातलाच आहे तर माउंटला (डिस्क वापरासाठी जोडून घेण्याला) आरोहण, अनमाउंटला अवरोहण करून टाका. पहिले आठ दिवस लोक हसतील. ‘महापौर’ला आणि ‘दिनांक’ला कमी हसले होते का? सावरकरांनी ते शब्द दिले, आज ते परके वाटत नाहीत.

ग्रीसवाला
कॉटन मार्केटजवळच्या मिस्त्रीला सांगून पाहा, “भाऊ, स्कूटरचं समायोजन करून द्या.” तो मागं वळून पाहील की कोणाशी बोलून राह्यले. ट्यूनिंगच म्हणतात. माझ्या वडिलांच्या स्कूटरची मी शंभरदा पाहिली आहे. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, पेचकसानं कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, मान तिरपी करून कान लावलेला. मग एकदम, “झाली ट्यूनिंग.” इंजिन खोललं नाही, पार्ट बदलला नाही. महालकरांना याहून वेगळं काय सांगायचंय?

तिरकीट
ट्यून मुळात आमच्या घरचा शब्द आहे आणि त्याला मराठी कधीचंच आहे. तंबोरा जुळवतात, तबला लावतात किंवा मिळवतात. हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणीवर, टिचक्या मारत फिरायचं, सूर फारच उतरला असेल तर वादीखालचे गठ्ठे सरकवायचे. मधल्या काळ्या शाईला हात लावायचा नाही! हा मुद्दा तुमच्या डिस्कलाही चालावा. कागदावर ‘डिस्क जुळवणे’ लिहा.

आणि शुद्धबोध, आरोह-अवरोह वापरू नका हो. आम्हाला सा रे ग म ऐकू येतं.

अंबाझरीकर
‘डिस्क लावणे’ कसं वाटतं? माउंट पण लावणे, ट्यून पण लावणे.

ग्रीसवाला
दार लावणे, दिवा लावणे, झाड लावणे, कामाला लावणे, वाट लावणे. काकांनी शेवटचा अर्थ घेतला तर स्कॅन गेले.

जुनी वही
ट्यूनचं तुम्ही पाहा. मी ‘जर्नल’साठी लिहून राह्यलो, कारण ‘निस्तरतो’ म्हणून सोडून द्यायचा हा शब्द नाही.

मी इतवारीतल्या एका कापडाच्या पेढीवर अठरा वर्षं वह्या लिहिल्या. गिऱ्हाईक उभं असताना जे होईल ते त्याच क्षणी, त्याच क्रमानं एका वहीत जायचं. ती रोजकीर्द. संध्याकाळी दुकान बंद झालं की तीच नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची. ती खतावणी. एकदा संध्याकाळी लाईट गेली, शेजारच्या गोदामात आग लागल्याची ओरड झाली, सगळे गाद्या सोडून पळाले. खतावणी अर्धवटच होती. दुसऱ्या दिवशी कीर्द उघडली, जिथवर टिकची खूण होती तिथून पुढं खतावत आणलं, तासाभरात हिशेब जुळला. एक नोंद कीर्दीतच अर्धी राहिली होती, रक्कम होती पण नाव नव्हतं. ती सरळ रद्द केली.

माझ्या भाच्यानं मला एक्स्ट-३ समजावलं तेव्हा मी त्याला हेच सांगितलं. बदल आधी जर्नलमध्ये लिहायचे, मग मूळ जागी न्यायचे. मधेच वीज गेली तर जर्नल वाचून पुरं करायचं, जी नोंद पुरी झाली नसेल ती सोडून द्यायची. शब्द कीर्द, क्रिया खतावणे. अकरावीच्या पुस्तपालनाच्या पुस्तकातही जर्नलला रोजकीर्दच म्हणतात. कॉम्पुटरवाल्यांनी कॉमर्सच्या पोराला विचारलं असतं तर ‘नियतकालिक’ झालं नसतं.

तिरकीट
वा. आणि फ्रेंचमध्ये ‘जूर’ म्हणजे दिवस, त्यातूनच जर्नल. आपल्याकडं फारशी ‘रोज’ म्हणजेही दिवस. शब्द एकाच साच्यातून निघाल्यासारखे.

शुद्धबोध
म्हणजे इंग्रजी काढून फारशी बसवायची? राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला होता शिवाजी महाराजांनी?

जुनी वही
साहेब, मग जमा, खर्च आणि बाकीही काढा. ‘हिशेब’ अरबी आहे, तोही द्या. उरलेल्या शब्दांत मला महिनाभराची पेढी चालवून दाखवा, मी तुमच्याकडं बिनपगारी लागतो.

अंबाझरीकर
‘कीर्द’ म्हणजे फारशी ‘कर्दन’, करणे. केलं ते लिहिलं ती कीर्द. आमचे आजोबा सांगायचे. आणि खतावणी ‘खत’वरून, खत म्हणजे लिहिणं.

जुनी वही
खतावणी खात्यावरून. खात्यावर नेतो तो खतावतो.

अंबाझरीकर
मग ‘खातावणी’ व्हायला पाहिजे होतं.

जुनी वही
नाकाचं ‘नकटा’ झालं ते चाललं तुम्हाला?

तूरवाली
आरक्षितचं कोणी बोलतच नाही. ‘राखीव’ लिहा की. आपल्याकडं राखीव जंगल म्हणतात, तिथं मोर्चा येत नाही. आमच्या काटोलकडं बियाण्याची तूर वेगळ्या कणगीत ठेवायचे. घरात दाणा नसला तरी त्या कणगीला आई हात लावू देत नव्हती. ते ५ टक्के तेच आहेत. म्हणून महालकर, साठवणीच्या डिस्कवर १ करा, पण ज्या डिस्कवर लिनक्स स्वतः बसलंय तिथं काकांना ५ ला हात लावू देऊ नका. हे कागदावर मोठ्या अक्षरात पाहिजे, शब्द कोणताही वापरा.

महालकर
राखीव घेतलं. कीर्द तर डोळे मिटून घेतली. जुनी वही, तुमचा आगीचा किस्सा काकांना वाचून दाखवला, त्यांनी दोनदा वाचायला लावला. पण ट्यूनचं? जुळवणे, लावणे, समायोजन, ट्यूनिंग, चार झाले.

एक नवीन भानगड. त्याच कमांडला डॅश एल देऊन डिस्कला नाव देता येतं. मी हौसेनं ‘नागपूर’ दिलं. नाव फार लांब आहे, कापतो असं कॉम्पुटर म्हणाला, आणि आता यादीत ‘नागपू’ आणि पुढं एक तुटका चौकोन दिसतो. चार अक्षरांत काय लांब?

ग्रीसवाला
नावाला मर्यादा सोळा बाइटांची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. सहा त्रिक अठरा. पाच बसतात, सहाव्याचा एक बाइट आत आणि दोन बाहेर. तोच तुमचा चौकोन.

शुद्धबोध
म्हणजे आपल्या शहराचं नावही त्यात मावत नाही. आणि इथं म्हणे परकीय शब्दांचा प्रश्न नाही.

तिरकीट
महाल मावतो. चारच चिन्हं.

अंबाझरीकर
बर्डी मावते. ब, र, हलन्त, ड, दीर्घ ई. पंधरा. सीताबर्डी नाही मावत, पण सीताबर्डी म्हणतं कोण?

तूरवाली
इतवारी?

ग्रीसवाला
अठरा. चौकोन.

जुनी वही
कीर्द लिहून पाहा. क, दीर्घ ई, र, हलन्त, द. पंधरा बाइट, एक शिल्लक.

महालकर
दिलं. बसलं. यादीत नीट दिसतंय, ‘कीर्द’.

शुद्धबोध
पण ते ऱ्हस्व हवं ना? किर्द. जोडाक्षराच्या आधी तसंही.

जुनी वही
तीर्थ, कीर्तन, दीर्घ. ‘तसंही’ कसं?

शुद्धबोध
ते तत्सम आहेत. फारशीला तो नियम लागू नाही.

ग्रीसवाला
किर्दचेही पंधराच होतात.