मदत हवी आहे: फॅटमध्ये प्लांट स्टेरॉल घातल्यावर क्रिस्टलायझेशन नक्की कशामुळे बदलतं?

नमस्कार मंडळी, फॅट केमिस्ट्रीवालं कुणी असेल तर प्लीज बघा. प्रोजेक्टसाठी पाम स्टिअरिन (पाम तेलाचा घट्ट भाग) आणि सूर्यफूल तेलाचं ब्लेंड करतेय, ब्रेडला लावायच्या स्प्रेडसारखं, आणि त्यात फायटोस्टेरॉल (म्हणजे प्लांट स्टेरॉलच, वनस्पतींमधले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ) घालायचेत, मुख्यतः बीटा-सिटोस्टेरॉल. रोज साधारण २ ग्रॅम पोटात गेले की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८-१० टक्क्यांनी कमी होतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

अडचण अशी की नुसतं सिटोस्टेरॉल वितळतं १४० अंशांच्या आसपास आणि साध्या तापमानाला तेलात विरघळतं जेमतेम दोन-तीन टक्के. गरम असताना ब्लेंड एकदम क्लिअर दिसतं, पण थंड करायला घेतलं की स्टिअरिन जमायच्या आधीच पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली लांब सुया दिसायला लागतात आणि त्या तोंडातही विरघळत नाहीत, जिभेला बारीक रेतीसारख्या लागतात.

डीएससीमध्ये (थंड होताना सुटणारी उष्णता मोजतात ती टेस्ट) क्रिस्टलायझेशनचा ऑनसेट, म्हणजे ते सुरू होण्याचं तापमान, वर सरकतोय. आता हे त्या सुयांवर स्टिअरिनचं न्यूक्लिएशन (क्रिस्टल बनायची सुरुवात) लवकर होतंय म्हणून, की स्टेरॉल स्वतः जमताना सोडतो ती उष्णता स्टिअरिनच्या पीकमध्ये मिसळतेय म्हणून? माझ्या मते तेवढंच स्टेरॉल नुसत्या सूर्यफूल तेलात घालून त्याच कूलिंग रेटने रन घ्यावा, तिथेही पीक आलं तर ते स्टेरॉलचंच. एवढा कंट्रोल पुरेल का?

दुसरं म्हणजे एस्टर. फिनलंडमध्ये १९९५ साली स्टॅनॉल (स्टेरॉलचं हायड्रोजन जोडलेलं रूप) एस्टरचं मार्जरीन आलं ते याच कारणाने, फॅटी अ‍ॅसिड जोडलं की ते तेलात आरामात मिसळतं. पण १ ग्रॅम स्टेरॉलसाठी १.६ ग्रॅमच्या आसपास एस्टर लागतं, आणि ते अख्ख्या ब्लेंडच्या जागी घातलं तर स्टिअरिनचा वाटाही घटतो, सॉलिड फॅट उतरतं आणि लोक म्हणतात एस्टरने क्रिस्टलायझेशन रोखलं. हे तर निव्वळ डायल्यूशन झालं ना! स्टिअरिन तेवढंच ठेवून फक्त तेलाच्या जागी एस्टर घातलं तरच खरा परिणाम कळेल असं मला ठाम वाटतं, कुणी असं करून बघितलंय का?

आणि पॉलिमॉर्फचं, म्हणजे फॅटच्या क्रिस्टलच्या वेगवेगळ्या रचनांचं काय? स्प्रेड मऊ राहायला बीटा प्राइम हवा, त्याचे बारीक क्रिस्टल. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना बघतात ती टेस्ट) बीटा प्राइमच्या ३.८ आणि ४.२ अँगस्ट्रॉमच्या रेषा बघतेय, पण स्टेरॉलच्या स्वतःच्या रेषा मध्ये घुसतात. ४.६ ची रेषा दिसली तर तो फॅटचा बीटा (जाड क्रिस्टलवाली दुसरी रचना) की स्टेरॉल हे वेगळं कसं काढता? शिवाय स्प्रेडमध्ये पाणी असणार, म्हणजे सिटोस्टेरॉल मोनोहायड्रेट (पाण्याचा एक रेणू धरलेला क्रिस्टल) होऊन बसणार, तेव्हा कोरड्या ब्लेंडवरचे रिझल्ट इमल्शनला लावता येतील का हीपण शंका आहेच.

कुणाला डीएससीचे ग्राफ बघायचे असतील तर सांगा, इथेच टाकते.