मुलांचं स्कीइंग आणि बर्फातली सुट्टी : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

राजारामपुरी, एक आई

गेल्या फेब्रुवारीत लेकीला गुलमर्गला नेऊन स्कीइंग शिकवलं. तेव्हापासून शाळेच्या गेटवर आणि रंकाळ्यावर फिरताना प्रत्येक जण हेच विचारतोय. कितव्या वर्षी नेता येतं? पडून हातपाय मोडत नाहीत का? आजी-आजोबा तिथं काय करणार? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा जे जे जाऊन आलेत त्या सगळ्यांनी इथं लिहावं, म्हणून हा धागा. गुलमर्गच हवं असं नाही, उत्तराखंडातलं औली, हिमाचलमधलं सोलंग, नारकंडा, सगळं चालेल. सुरुवात मी करते.

आपल्याकडच्या बहुतेक काश्मीर सहलींत गुलमर्गला एकच दिवस असतो. श्रीनगरहून सुमारे पन्नास किलोमीटर, सकाळी निघायचं, टनमर्गला भाड्याचे कोट-गमबूट चढवायचे, गंडोलातून, म्हणजे रोपवेच्या पाळण्यातून वर, फोटो, संध्याकाळी परत. मधल्या तासाभरात कुणीतरी मुलाच्या पायाला स्की (बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या) बांधतो आणि दोन्ही हात धरून चार पावलं ओढत नेतो. त्यातून मूल काही शिकत नाही. माझं ठाम मत आहे की मुलाला खरंच शिकवायचं असेल तर मुक्काम वर गुलमर्गलाच करा, सलग काही दिवस एकाच उतारावर जाऊ द्या आणि बाकीचे पॉइंट सोडून द्या.

लेक आठ वर्षांची. हिवाळ्यात गुलमर्गचं गोल्फचं मैदान बर्फाखाली जातं आणि नवशिक्यांची शाळा तिथल्याच सौम्य उतारांवर भरते. प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी काठ्या हातात दिल्याच नाहीत, कारण मुलं काठीवर भार टाकतात आणि पाय वापरायचे विसरतात. आधी एकाच पायात स्की घालून सपाटीवर घसरत चालायचं, मग दुसऱ्या पायात घालून. त्यानंतर उताराला आडवं उभं राहून कडेकडेनं वर चढायचं. पडायची वेळ आली तर बाजूला बसल्यासारखं पडायचं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या घ्यायच्या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरायला होतं. एवढ्यात अख्खी सकाळ गेली आणि ती सार्थकी लागली.

दुपारी 'पिझ्झा'. जगभर मुलांना हाच शब्द शिकवतात. दोन्ही स्कींची टोकं जवळ, टाचा बाहेर, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्याचा आकार होतो आणि वेग मोडतो. पिझ्झा जमला की वळण. डावीकडं जायचं तर उजव्या पायावर भार द्यायचा. हे ऐकताना उलटं वाटतं, पण एकदा पायाला कळलं की पोर पुन्हा विचारत नाही. शेवटी शेवटी ती एकटी वळत खाली आली आणि माझ्या पुढ्यात येऊन थांबली, स्वतःच्या ब्रेकवर. मला भरून आलं.

प्रशिक्षक तिथलेच. चहाच्या वेळी त्यांनी मुलांना आरिफ खानची गोष्ट सांगितली. याच भागातला मुलगा, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतींत उतरलेला. लेकीनं परत आल्यावर वर्गात हीच गोष्ट सांगितली.

आता तुम्ही लिहा.

मंगळवार पेठ, एक आजोबा

ताई, चांगला विषय काढलात. माझं निम्मं आयुष्य तालमीत गेलं, म्हणून तयारीबद्दल लिहितो. नातवंडांचं जायचं ठरलं तसं दोघांना रोज सकाळी बैठका घालायला लावल्या. भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात ठेवून, खुर्ची नसताना बसायचं, तेही. रविवारी पायी पन्हाळा चढायचा. स्कीत सगळं काम मांड्या, पोटऱ्या आणि कमरेचं. शहरातलं पोर पहिल्या दिवशी उत्साहानं खेळतं आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या म्हणून हॉटेलात बसतं. आमची दोघं बसली नाहीत.

दुसरं असं की घाबरलेलं मूल अंग मागं टाकतं. मागं झुकलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, ताबा सुटतो आणि स्की पळत सुटते. गुडघे वाकवून, नडग्या बुटाच्या पुढच्या बाजूला दाबून उभं राहायचं. कुस्तीत पवित्रा घेतो तसंच. प्रशिक्षकानं नातीला विचारलं, 'घर में कुछ खेलती हो क्या?' तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

मी स्वतः गंडोलाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगदोरीला गेलो. वयाच्या मानानं तेवढं पुरे होतं. समोर अफरवटचा डोंगर स्वच्छ दिसत होता.

शाहूपुरी, दोन मुलांचा बाप

बर्फ मिळेलच असं गृहीत धरू नका. आम्ही जानेवारी २०२४ मध्ये गेलो आणि गुलमर्गला बर्फच नव्हता. पिवळं गवत, मोकळे उतार. त्या वर्षी तिथल्या लोकांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, कारण हिवाळ्याची सगळी कमाई त्यावर. स्कीचं दुकान चालवणाऱ्या एका काकांनी आम्हाला आत बसवून कहवा (काश्मिरी चहा) पाजला आणि मुलांना स्कीला मेण कसं लावतात ते दाखवलं. घ्यायला ग्राहक नव्हता, तरी तासभर मन लावून दाखवलं त्यांनी. मुलांच्या लक्षात सगळ्यात जास्त तेच राहिलंय. बर्फ पडल्याच्या बातम्या आम्ही घरी परतल्यावर आल्या.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात, कडाक्याच्या थंडीचा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. मुलांच्या शिकण्यासाठी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी हा काळ जास्त भरवशाचा, खाली थर साचलेला असतो. नाताळची सुट्टी सोयीची असली तरी तेव्हा थर पातळ असू शकतो. बुकिंग शक्यतो तारीख बदलता येईल असंच करा.

राजारामपुरी, एक आई

दादा, म्हणूनच आम्ही फेब्रुवारी धरला. वर्गशिक्षिकांना आधी भेटले, चाचणीचं वेळापत्रक बघितलं आणि मगच तिकिटं काढली.

इचलकरंजी, एक आई

आमचा मुलगा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. लहान मुलांपेक्षा वेगळा अनुभव आहे म्हणून लिहिते. आम्ही औली निवडलं, कारण तिथं गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. रोज ठरलेल्या वेळी मैदानात, गटात वेगवेगळ्या राज्यांतली मुलं, संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला. एकट्या मुलाला स्वतंत्र प्रशिक्षक लावण्यापेक्षा या वयात गट बरा. दुसऱ्याचं बघून पोरं ईर्ष्येनं शिकतात.

प्रवास लांबचा आहे, हे आधीच मनाशी धरा. मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथून ऋषिकेश आणि ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर घाटरस्ता. त्याला अख्खा दिवस जातो. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग लागतात. सासूबाई सोबत होत्या, त्या प्रत्येक संगमावर उतरल्या. जोशीमठच्या नृसिंह मंदिरात त्यांचं मन रमलं. जोशीमठ-औली रोपवे मात्र २०२३ च्या जानेवारीत जमीन खचल्यानंतर बंद झाला, आम्ही रस्त्यानं वर गेलो. त्या गावातल्या भिंतींच्या भेगा बघून जीव हलतो. तिथं राहताना पाणी जपून वापरा, गर्दी करू नका, लोकांना आपला त्रास होऊ देऊ नका.

सकाळी औलीच्या उतारावरून ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर दिसतं. मुलगा म्हणाला, 'आई, हे बघत खाली यायचं म्हणजे पायाकडं लक्षच राहत नाही.'

कसबा बावडा

कपड्यांचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून. जीन्स अजिबात नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि मूल गारठतं. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट. मोज्यांचा एकच जोड, लांब आणि लोकरीचा. दोन जोड घातले की बुटात घड्या पडतात, पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो. लहान मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे हातमोजे जास्त ऊब देतात. हेल्मेट मागून घ्याच. काही ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत.

ताराबाई पार्क, बालरोगतज्ज्ञ

थोडं वैद्यकीय लिहितो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि गंडोलाचा दुसरा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. मोठी माणसं डोकं दुखतंय असं सांगतात, लहान मूल सांगत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, खेळायला तयार होत नाही, उलटी करतं, रात्री झोपत नाही. पालक म्हणतात थंडी बाधली. अशा वेळी मुलाला आणखी वर नेऊ नका. आराम, पाणी द्या, आणि त्रास वाढला तर थांबून न राहता खाली उतरा. गुलमर्गला पोचलेल्या दिवशीच गंडोलानं शेवटपर्यंत जाऊ नये. दमा, हृदयविकार असलेल्या मुलांच्या बाबतीत निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, इनहेलर अंगाजवळच्या खिशात ठेवा.

दुसरी गोष्ट उन्हाची. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. नाकपुड्यांखाली, हनुवटीखाली सनस्क्रीन लावा. गॉगलशिवाय दिवसभर ठेवलेल्या मुलाचे डोळे रात्री चुरचुरतात, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. ढगाळ दिवशीसुद्धा गॉगल हवाच.

गडहिंग्लज

आम्ही मनालीला गेलेलो. सोलंगला पर्यटकांची गर्दी फार, तासाच्या भाड्यावर स्की मिळतात, मूल शिकत नाही, राजारामपुरीच्या ताई म्हणतात तेच. पण अटल बोगद्यातून पलीकडं सिस्सूला गेलो तिथं मोकळा बर्फ होता, मुलं मनसोक्त लोळली. खरं शिकायचं असेल त्यांनी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेच्या स्की कोर्सची चौकशी करा. १९६१ पासूनची सरकारी संस्था आहे, वयाच्या अटी आधी बघा.

उचगाव, एक बाप

माझ्या मुलानं स्की केलीच नाही. तेही इथं यावं म्हणून लिहितोय.

सहा वर्षांचा आहे. बूट घातले, क्लिप लावल्या आणि तो म्हणाला, 'पप्पा, पाय अडकला, काढा.' प्रशिक्षक शहाणा माणूस होता. म्हणाला, आज राहू द्या, जबरदस्ती केली तर पुन्हा बर्फाकडं बघणार नाही. बूट काढले. बायको आणि मोठी मुलगी शिकायला गेल्या, मी आणि तो मागं राहिलो.

हॉटेलच्या मागं बर्फाचा ढीग होता. त्यानं त्यावर हातानं पायऱ्या काढायला सुरुवात केली आणि मग म्हणाला, 'किल्ला करू या.' दिवाळीत आम्ही दारात दरवर्षी किल्ला करतो, माती कालवून, आळीव पेरून, मावळे मांडून. इथं माती नव्हती, पण बर्फ त्याहून सोपा, थापला की बसतो. आधी तटबंदी केली. मग तीन दरवाजा पाहिजे म्हणाला, म्हणजे पन्हाळाच. बुरूज करायला हॉटेलातल्या मुलानं डबा आणून दिला. बघता बघता तिथल्या दोन-तीन पोरी फेरनमध्ये, म्हणजे सैल काश्मिरी झग्यात, हात लपवून येऊन उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं त्याही बर्फ थापायला लागल्या. त्यांना मराठी येत नाही, याला हिंदी जेमतेम. 'इधर दरवाजा, उधर तोप' एवढ्यावर दुपार निघाली. त्यातल्या एकीनं चिनाराची वाळकी पानं आणून तटावर झेंड्यासारखी खोचली. मी फक्त बर्फ उचलून देत होतो. माझ्या मुलाला इतका वेळ एका कामात गढलेला मी आधी बघितला नव्हता.

पुढच्या वर्षी त्याला वाटलं तर स्की. नाही वाटलं तर राजगड करायचा, असं ठरलंय.

जुना बुधवार, एक सून

ज्यांना स्की करायची नाही त्यांच्यासाठी. सासूबाई, मी आणि तान्हं बाळ. लाकडी स्लेजवर बसवून माणसं ओढून नेतात. दर आधी ठरवा, पण फार घासाघीस करू नका, गुडघाभर बर्फातून ते आपल्याला ओढत असतात. गुलमर्गच्या टेकडीवरचं महाराणी मंदिर बघण्यासारखं होतं, २०२४ मध्ये ते आगीत जळालं. सेंट मेरी चर्चही बघण्यासारखं. सकाळी श्रीनगरात हरिसा मिळाला, रात्रभर शिजवलेलं मटण, फक्त थंडीतच करतात. सासऱ्यांनी आचाऱ्याला बसवून सगळी कृती विचारून घेतली.

शिरोळ

राजारामपुरीच्या ताई, बुटाचं माप कसं सांगायचं? आणि गंडोलाची तिकिटं तिथं मिळतात का?

राजारामपुरी, एक आई

मुलाला कागदावर उभं करून टाच ते अंगठ्याचं टोक सेंटिमीटरमध्ये मोजा, स्की-बुटांचं माप सेंटिमीटरवरच चालतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. वाढत्या पायाचा म्हणून मोठा घेऊ नका, टाच उचलली जाते आणि वळण लागत नाही. नवशिक्या मुलाच्या स्कीची उंची छाती ते हनुवटीच्या दरम्यान असावी. गंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढून ठेवा. वारा जोराचा असला किंवा हिमस्खलनाचा धोका असला की वरचा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळं शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि वरच्या टप्प्यावरून स्की करत खाली यायचा हट्ट मुलांनी धरला तरी ऐकू नका, ते उतार नवशिक्यांचे नाहीत.

नारकंड्याला कुणी गेलं असेल तर लिहा, माझ्या बहिणीला मार्च उजाडायच्या आत जायचंय.